देवाच्या मडक्यातले तांदूळ

लढाईच्या त्या वर्षांत प्रभूच्या प्रार्थनेतली एक ओळ मी म्हणत नव्हते. गोंदियाच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती देवळात सगळी मंडळी एका सुरात प्रार्थना म्हणायची, आणि अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की मी ओठ घट्ट मिटून घेई. आमचा एकुलता एक मुलगा पलटणीत मोटार चालवायला गेला होता. आफ्रिकेच्या वाळवंटात, इटलीच्या फौजेशी लढाई चालू असताना तो बेपत्ता झाल्याची तार आली. आणि इकडे पाळकसाहेब दर रविवारी सांगत, शत्रूवरही प्रीती करा, मारणाऱ्यावर हात उगारू नका. माझं डोकंच फिरायचं. त्यांचं काय जातंय सांगायला!

आमच्या बायकांत एक रीत होती. भात चढवण्याआधी तांदळाची एक मूठ देवाच्या मडक्यात टाकायची आणि महिनाअखेर ते मडकं देवळात नेऊन द्यायचं. त्यातून गोरगरिबांच्या तोंडी घास पडे. मुलगा लहान असताना ही मूठ त्याचीच. "थांब माय, मी टाकतो," म्हणत अंगणातून धावत यायचा. मूठ चिमुकली म्हणून दोनदा टाकायचा, आणि निम्मे दाणे जमिनीवर. मी ओरडायची, तो खिदळायचा. काय दिवस होते ते! तार आली त्या दिवसापासून मी मूठ टाकणं बंद केलं. मडकं तसंच अर्धं भरलेलं कोपऱ्यात पडून राहिलं.

पुढे टंचाई आली. भातगिरण्यांच्या आमच्या गावात तांदूळ मिळेनासा झाला. एका सकाळी घरात दाणा नव्हता, तेव्हा मी ते मडकं ओढलं. देवानं माझं नेलं, मग मी देवाचं खाल्लं तर काय बिघडलं, असं मोठ्यानं म्हणत किडे निवडले आणि त्याच तांदळाची पेज केली. आमचे हे स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले होते. पेजेचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन मी त्यांच्याकडे निघाले.

फलाटाला एक गाडी लागली होती. खिडक्यांना गज, आत लढाईत पकडलेले इटलीचे कैदी. एका खिडकीशी विशीतला एक पोरगा, तापानं डोळे लाल, ओठ फुटलेले. माझ्या हातातला गंज पाहून त्यानं गजांतून ओंजळ पुढे केली. मी मागे सरले.

"दे वो त्याले," हे शेजारी येऊन म्हणाले.

"कायले देऊ? याच्याच लोकाईनं आपला पोरगा नेला!"

हे हळूच म्हणाले, "आपल्या पोरालेही कोनी पानी देत असन."

पहाऱ्यावरच्या शिपायानं आमच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. "जल्दी करो, माई." मी पेज ओतली, पोरगा घटाघटा प्यायला. त्यानं पुन्हा ओंजळ केली, पण ती पेज स्वतः न पिता मागे आडव्या पडलेल्या सोबत्याच्या तोंडाला लावली. गंज रिकामा होईतो मी ओतत राहिले. गाडी हलली. हे त्या दिवशी उपाशीच कामावर परतले.

घरी येताना वाटेत माझे पायच थांबले. ते तांदूळ देवाचे होते. मी रागानं उचलले, आणि त्यानं ते माझ्याच हातानं हवे तिथं पोचवले. मी रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडले. तार आल्यापासून पहिल्यांदाच रडले. त्या रविवारी मी क्षमेची ती ओळ म्हटली.

मुलगा परत आला नाही. त्याला कोणी पाणी पाजलं का, हे मला या जन्मी कळायचं नाही. ते मी प्रभूच्या हाती सोडलं आहे, आणि सोडता आलं म्हणून त्याचे उपकार मानते.

मडकं पुन्हा चुलीजवळ आहे. मी आता दोन मुठी टाकते. यांनी एकदा विचारलं, "एक आपल्या पोराची. दुसरी कोनाची वो?"

"त्या गाडीतल्या पोराची," मी म्हणाले. "त्याचीही माय वाट पाहून राहिली असन."