तपासणीतून वगळलेली फाइल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

बिदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं ऑफिस होतं. औषधांच्या गोदामांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहायचो — शीतखोलीत तापमान वाढलं की घंटा वाजवणारं. मी सगळ्यांत जुना. कमठाण्याची शिवलीला नवीन. तिनं हट्टानं एक टूल आणलं. प्रोग्राम न चालवताच ते तो वाचायचं. कुठली फाइल कशावर अवलंबून आहे, कुठं काम कच्चं आहे, ते लाल खुणेनं दाखवायचं.

पहिली लाल खूण माझ्याच फाइलीवर आली. सेन्सर बंद पडला तर माझा कोड गप्प बसायचा, कुणाला कळवायचा नाही — आणि घंटा त्याच फाइलीवर अवलंबून. दुरुस्ती चार ओळींची. मग केली का नाही? भीती होती? मला कोण बोलणार होतं! शिवलीलानं बघायच्या आधीच मी टूलला सांगितलं, ही फाइल तपासू नकोस. सगळं हिरवं झालं. शिवलीला केवढी खूश झाली.

उन्हाळ्यात एका गोदामातला सेन्सर बंद पडला. घंटा वाजली नाही. इन्सुलिनचा साठा फेकावा लागला. ते ज्यांना मिळायचं होतं, त्यांचं काय झालं — मी विचारलंच नाही. घाईनं त्या चार ओळी लिहिल्या, टूलला दिलेली सूचना पुसली. मालकांनी माझी पाठ थोपटली. तिच्यावर मात्र ओरडले, "तुझं टूल तर समदं हिरवं दाखवायलतं की!"

ती माझ्याकडं आली. "अण्णा, तुमच्या फाइलीवर कामून काही दाखवलं न्हाई?"

तेव्हा तरी — ? तोंड उघडलं होतं मी, खरंच. पण बाहेर आलं ते वेगळंच. "टूलच कच्चं हाय. अन् तू डोळे झाकून इश्वास ठेवलीस."

"व्हय अण्णा," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

थोड्याच दिवसांत तिनं नोकरी सोडली. मी ते टूल काढून टाकलं. कशासाठी? आता तर काही लपवायचंही उरलं नव्हतं.

मागच्या वर्षी कडगंचीला एका लग्नात ती भेटली. सोबत तिची लहान मुलगी. मला बघताच तिचा चेहरा उजळला.

"अण्णाच्या पाया पड गं," ती मुलीला म्हणाली. "माझ्या चुकीतून ह्यांनीच वाचिवलं समद्यांला."

पोरगी वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत.