येळवशीची पंगत आणि कलम १३३

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा माझ्या तक्रारअर्जांवरचा पत्ता बदलला. शेतावरचा वास मात्र जुन्याच जागी राहिला. आमच्या शेताला लागून मद्यार्काचा कारखाना होता. दुष्काळाने ओढा आटलेला, त्यामुळे कारखान्याचे काळे सांडपाणी वाहून न जाता बांधापलीकडच्या तळ्यात कुजत पडे.

मी अर्जांवर अर्ज धाडले. पाहणी ठरे, कारखान्याला आगाऊ सूचना जाई, मजूर तळ्यावर चुना पसरत आणि अधिकारी 'दुर्गंधी आढळली नाही' असा शेरा मारून जात. वास मोजण्याचे साधनच नाही, असे वर मलाच ऐकवत. मी संतापून लिहिले, की फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ साधन मागत नाही. त्याला लोकांचा उपद्रव पुरतो.

पत्नीला कलमांशी कर्तव्य नव्हते. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, जवळ आली तशी तिने बजावले, "आवो, रानातल्या लक्ष्मीपुढं बसून आंबील काय नाक दाबून प्यायची? औंदा शेवटचं. वास गेला न्हाई तर म्होरची येळवस धर्माबादला, माझ्या भावाच्या रानात. तुमी अन् तुमचं कलम बसा इथं."

प्रांतसाहेब नुकतेच बदलून आले होते आणि त्या कलमाखाली आदेश काढण्याचा अधिकार त्यांचाच होता. पाहणी येळवशीलाच व्हावी आणि जेवण आमच्या शेतात घ्यावे, असा मी त्यांना रीतसर अर्ज केला. कारखान्याच्या व्यवस्थापकालाही रीतसर सूचना गेली. तो सांगलीकडचा. त्या दिवशी आमचा बाजार ओस पडतो आणि जो तो शिवारात जेवायला जातो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. चुना टाकायला एक माणूस मिळेल तर शपथ!

साहेब भज्जीचा, म्हणजे येळवशीच्या मिसळीच्या भाजीचा, पहिला घास उचलत होते, तोच वारा तळ्याकडून आला. त्यांनी घास खाली ठेवला आणि रुमाल काढला.

"साहेब, एरवी असं नसतं," पाहणीसाठी आलेला व्यवस्थापक म्हणाला.

शेजारच्या पंगतीतून त्याचाच एक मजूर म्हणाला, "हाव साहेब. एरवी आमी चुना टाकताव की."

साहेब रुमालाआडूनच हसले. "आप्पा, तुमचं मोजमाप झालं."

आदेश निघाला. तळे उपसून बुजवले गेले, सांडपाणी बंद टाकीत गेले.

पुढच्या येळवशीला मेहुणाच धर्माबादहून आमच्या रानात आला. आंबिलीचा दुसरा पेला संपवून तो माझ्याकडे सरकला. "दाजी, आमच्या गावात बी एक वास हाय बगा."

मी खिशातला पेन काढला.

"आधी जेवा," पत्नी म्हणाली आणि पेन काढून घेतला.