धनश्रीच्या मुलाखतीला गेलेली जीप

आमच्याकडे महत्त्वाच्या कामाला कुणी एकटं जात नाही. मुलगी बघायला जायचं असो, तहसील असो की दवाखाना, चार माणसं सोबत लागतात. म्हणून सुग्रीव मेंढपाळाच्या धनश्रीची पुण्यात मुलाखत आहे असं कळताच सुंदररावांनी मला न विचारता माझी जीप ठरवून टाकली. सुंदरराव आमच्या गावचे पुढारी. निवडणूक जवळ नसली की त्यांना करमत नाही.

"सोमनाथ, डिझेल भरून ठेव," ते म्हणाले. "पोर एकटी कशापायी जाईल? गाव मेलंय का?"

मुलाखत शिष्यवृत्तीची होती. धनश्री मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला कारखान्यात नोकरीला. तिला एमबीएला प्रवेश मिळाला होता, पण दोन वर्षं पूर्ण वेळ शिकायचं तर नोकरी सोडावी लागणार आणि पगार बंद होणार. इंजिनिअर आणि विज्ञानवाल्यांसाठी एका ट्रस्टची शिष्यवृत्ती होती. ती मिळाली तर शिक्षण, नाहीतर प्रवेशावर पाणी सोडायचं.

ही पोरगी आमच्या डोळ्यांदेखत वाढली. सुग्रीव मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचा आणि ही शाळा सुटली की त्याला शोधत जायची. पदवी झाल्यावर वर्षभर नोकरी मिळेना, तेव्हा लोक तिच्या शिक्षणाला नावं ठेवू लागले. त्याच वर्षी तिनं पाटोद्याच्या बाजारात सगळ्यांची झोप उडवली. तिथं बोकडाचा भाव रुमालाखाली बोटं धरून ठरायचा. व्यापारी जनावराच्या पाठीवरून हात फिरवणार, बोट दाबणार, आणि मेंढपाळ मान हलवणार. धनश्रीनं पत्रे-अँगल जोडून एक पिंजरा बनवला आणि त्याला वजनाचा काटा बसवला. बोकड आत, दार बंद, आकडा सगळ्यांच्या समोर. व्यापारी खवळले. सगळ्यात जास्त खवळला शिवशंकर. बाजारात तो तिला जे बोलला, ते मी इथं लिहीत नाही.

आणि जीप निघायच्या वेळी तोच शिवशंकर माझ्या मागच्या सीटवर ऐसपैस बसलेला! माझं डोकंच फिरलं. पोरीची फजिती बघायला निघालाय, असंच मला वाटलं. पण सुग्रीवनं त्याला बसू दिलं, मग मी कोण बोलणार?

आम्ही पुण्याला त्या ट्रस्टच्या गेटवर पोचलो, तर वॉचमननं अडवलं. तेवढ्यात धनश्री रिक्षातून उतरली. आम्हाला बघून तिचा चेहरा लालबुंद झाला.

"आबा, हे काय सुपारी फोडायचं काम हाय का?" ती बापाला म्हणाली. "कुणीच कुणाला आणलेलं न्हाई इथं. तुमी बाहेर थांबा. आणि कुणी विचारलं तर मला वळखत न्हाई म्हणा."

सुंदररावांचं तोंड एवढंसं झालं. सुग्रीव "बरं बाई" म्हणाला आणि कडेच्या झाडाखाली जाऊन बसला. मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू.

आत काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. समोर तिघं होते. इंजिनिअरला धंद्याचं शिक्षण कशाला हवं, असं त्यांनी विचारलं. तिनं पिंजऱ्याची सगळी हकिकत सांगितली. त्यावर मधल्या मॅडम म्हणाल्या, "तुमच्या तोंडून हे छानच वाटतं. पण ज्या व्यापाऱ्यांचं नुकसान झालं, ते तुमच्याबद्दल काय म्हणतील?"

धनश्री खिडकीकडे बघत म्हणाली, "त्यांनाच विचारा. खाली गेटवर उभे आहेत."

मॅडम हसल्या. पण खरंच त्यांनी शिपायाला खाली पाठवलं.

शिवशंकर दाराशी चपला काढून आत गेला. मॅडमनी त्याला खुर्ची दिली, पण तो उभाच राहिला.

"लई भांडली ही माझ्याशी," तो म्हणाला. "आमी व्यापाऱ्यांनी एकी करून खरेदीच बंद केलती. वाटलं, मेंढपाळ फुटतील. पण ही वस्तीवस्तीवर हिंडली. एक माणूस फुटला न्हाई. मग मीच आलो मुकाट्यानं पिंजऱ्यापुढं."

"तुमचा नफा कमी झाला?"

"झाला की."

"मग तरी तिच्यासाठी इतक्या लांब आलात?"

"भांडण पाटोद्याच्या बाजारातलं हाय, मॅडम," शिवशंकर म्हणाला. "इथं ती आमच्या तालुक्याची हाय."

 

पुढच्या आठवड्यात निकालाचा फोन आला. शिष्यवृत्ती मिळाली. सुग्रीव मेंढरं राखत होता, मी त्याला सांगायला जीप घेऊन रानात गेलो आणि लांबूनच हॉर्न दाबून धरला. मेंढरं बिथरली, त्यानं मला मनसोक्त शिव्या दिल्या आणि मग डोळे पुसले. माझीही छाती फुगली होती. पोर त्याची, पण ऊर आमच्या सगळ्यांचा भरून आला होता.

कॉलेजात दाखल व्हायचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी तिनं सुंदररावांना फोन केला.

"नाना, उद्या कॉलेजात जायचंय. मी एकटी कशापायी जाऊ?"

मी डिझेल आधीच भरून ठेवलं होतं.

कॉलेजच्या गेटवरही वॉचमननं अडवलंच. सोबत फक्त घरची माणसं चालतील, म्हणाला. धनश्री पुढं झाली आणि एकेकाकडे हात करून सांगू लागली. हे वडील. हे नाना. हा सोमनाथदादा.

"आणि हे?" वॉचमननं शिवशंकरकडे बघून विचारलं. तो बिचारा आपणहून मागं सरकला होता.

"माझे चुलते," धनश्री म्हणाली, आणि त्याच्या हाताला धरून त्याला आत घेऊन गेली.