मिथुनकडचं गाठोडं

कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात सर्जेराव साड्या विकतात. बिलं मोबाइलवर करतात. ती माहिती ऑनलाइन साड्या विकून घरपोच देणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्याच भाड्यानं दिलेल्या संगणकांवर साठते, हे मुलीनं, संध्यानं, सांगितलं तेव्हा ते चकित झाले.

"म्हंजे माझी गिऱ्हाइकं त्यांना दिसून राह्यली?"

"न्हाई बाबा. जागा त्यांची, कुलूप आपलं."

सर्जेरावांना गंमत वाटली. बाजार उठल्यावर उरलेल्या साड्यांचं गाठोडं तेही समोरच्या साडीवाल्या मिथुनकडेच ठेवत. त्यानं गाठ कधी सोडली नव्हती.

"पर मिथुनला दर बाजारी मला तोंड दाखवावं लागतं," ते म्हणाले. "ह्यांचं तोंड कुठं हाय?"



तेव्हापासून ते बिलावर गिऱ्हाइकाचं नाव घालत नाहीत. नावं त्यांना पाठच आहेत. गाठोडं मात्र अजून मिथुनकडेच असतं.