दोस्ताचा माल

आमचे थोरले साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांच्याइतके दोस्त जोडलेला आणि दोस्तांपायी तितकाच गोत्यात आलेला माणूस अंबडपासून आष्टीपर्यंतच्या मुलखात दुसरा झाला नाही, हे मी कुणापुढेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. नुसती ओळख असा प्रकार त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. ज्याच्याबरोबर एकदा चहा झाला तो दोस्त, दुसऱ्यांदा झाला तो जिगरी दोस्त, आणि तिसरा कप उष्टावेपर्यंत त्या माणसाचा माल साडूंच्या ट्रकमध्ये चढलेला असे. कागदपत्र, पावती, मालाची बिल्टी वगैरे गोष्टी परक्यांसाठी. दोस्ताला कागद मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांवर ड्रायव्हरकी करून सत्तर सालच्या पुढेमागे त्यांनी बँकेचं कर्ज काढलं आणि स्वतःची जुनी गाडी घेतली. वाटूरच्या आमच्या बौद्धवाड्यात ती पहिल्यांदा शिरली तेव्हा म्हातारी माणसं बोनेटला हात लावून बघत होती, जनावर अंगावर येईल की काय असं. जालन्याच्या पेंटरनं कपाळावर निळ्या रंगात 'जय भीम' काढलं आणि विचारलं, मागे काय लिहू? सगळ्यांच्या मागे शेरशायरी असते. साडूंनी लिहवून घेतलं, 'मालक खुद चालवतो'. कुणी कुत्सितपणे विचारलंच, "कोणाची गाडी चालवून राह्यला रे?" तर ते खाली उतरून त्याला हाताला धरून गाडीच्या मागे नेत आणि मोठ्यानं वाचायला लावत.

घरात आरसा असताना ते दाढी गाडीच्या आरशात करीत. रिव्हर्स गियरवर त्यांचा राग होता. चुकून पुढे गेले तर मागे येण्याऐवजी कोस-दीड कोस पुढे जाऊन, एखाद्याचं खळं शोधून, तिथून वळसा घालून येत. "मागं जायला गाडी घेतली का मी?" एवढंच त्यांचं म्हणणं. आणि कुणी सल्ला दिला की त्याच्या बरोबर उलट करायचं, हा तर नेमच होता. आमच्या अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, रोज भाकरी वाढताना एकच वाक्य बोलत, "अहो, दोस्तासंगं धंदा करू नका." त्यावर साडू घास हातात धरून गरजत, "मंग काय दुश्मनासंगं करू?" अक्का मग दुसरी भाकरी वाढत. मी शाळामास्तर, आणि मीही आमटी मागून घेत असे.

म्हशीचं प्रकरण त्यातलंच. अंबडच्या एका दोस्ताची सरकीची पोती गाडीत होती. वाटेत दुसरा एक दोस्त हात करून उभा. त्याची म्हैस घनसावंगीकडे पाहुण्यांकडे पोचवायची होती, आणि ती "जाता जाता" सोडायची होती. साडूंच्या धंद्याला 'जाता जाता' या दोन शब्दांनी जेवढं खड्ड्यात घातलं तेवढं कुठल्या रस्त्यानं घातलं नसेल. फळ्या लावून म्हैस वर चढवली. सरकी म्हणजे म्हशीचं पक्वान्न, हे पोराटोरांनाही कळतं, पण दोन दोस्तांच्या मालात भांडण कसं लागेल, असा साडूंचा विश्वास! उतरवायच्या वेळेला दोन पोती फाटलेली आणि म्हशीचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट. सरकीवाला म्हणाला, माझा माल खाल्ला. म्हैसवाला म्हणाला, माझ्या जनावराला बाधलं. दोघांनीही एकमेकांना सोडून साडूंना धरलं. साडूंनी म्हशीला नळीनं तेल पाजलं, आणि तिचं पोट उतरेपर्यंत दावं धरून तिला गावाभोवती फिरवलं. समोरून येणारा जो तो विचारी, "म्हैस घेतली का?" साडू ताठ मानेनं सांगत, "दोस्ताची हाय." म्हैस बरी झाली, दोन्ही दोस्त मात्र पुढे कित्येक महिने साडूंशी बोलत नव्हते.

पण या सगळ्या दोस्तांच्या वर एक दोस्त होता, आष्टीचा आडत्या. साडूंचं बालपण आष्टीतलं, आणि हा तिथल्या जुन्या जमीनदार शेतकरी घराण्यातला. उंच, गोरा, बोलायला गोड. त्याच्या दुकानासमोर गाडी लागली की साडू जेवणाला बसल्यासारखे सुखानं हॉर्न वाजवत बसत, आणि तोही हातातला तराजू सोडून बाहेर येई.

एकदा मला चष्म्याच्या कामानं जालन्याला जायचं होतं, म्हणून मी साडूंच्या शेजारी केबिनमध्ये बसलो. मागे आडत्याची सरकी होती. त्या काळात एका जिल्ह्यातली ज्वारी परवान्याशिवाय दुसऱ्या जिल्ह्यात न्यायला बंदी होती. आमचा परतूर तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि जालना औरंगाबाद जिल्ह्यात, त्यामुळे मधे नाका लागे. नाक्यावरच्या शिपायानं सवयीनं पोत्यात परखी खुपसली. परखी म्हणजे पोतं न सोडता आतला दाणा बाहेर काढायची टोकदार नळी. वरच्या पोत्यांतून सरकी निघाली. शिपाई वाकला आणि त्यानं सगळ्यात खालच्या थरात परखी घातली. त्याच्या तळहातावर पांढरीशुभ्र ज्वारी आली.

मी साडूंच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांना ठाऊक नव्हतं, हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन. ते त्या ज्वारीकडे असे बघत होते की जणू त्यांच्या ताटात कुणीतरी माती टाकली आहे.

"माल कुणाचा?" नाक्यावरच्या साहेबानं विचारलं.

"दोस्ताचा."

"दोस्ताचं नाव?"

"दोस्त."

"बिल्टी दाखव."

"दोस्ताची बिल्टी नसते, सायेब."

साहेब हसला नाही. गाडी जप्त झाली आणि तालुक्याच्या कचेरीच्या आवारात लिंबाखाली नेऊन लावली. मालकाचं नाव सांगून जबाब दे आणि गाडी घेऊन जा, असं साहेबानं चांगल्या शब्दांत सांगितलं. नाही सांगितलंस तर माल तुझाच धरू, गाडी जाईल. साडू म्हणाले, "ज्याचा माल हाय तो येईल. मी वाट पाहून राह्यलो." आणि ते खरोखरच रोज सकाळच्या एसटीनं कचेरीत जाऊन गाडीच्या पायरीवर बसू लागले. तिथेच आरशात दाढी. तिथेच डबा. कारकून चिडवत, "काय मालक, आला का दोस्त?" साडू म्हणत, "येईल. तुमाला काय जल्दी हाय?"

दोस्त आला नाही. बातमी आष्टीला दुसऱ्याच दिवशी पोचली होती, पण तिकडून निरोपसुद्धा आला नाही. गाडीचं एक चाक बसलं. चिमण्यांनी टपावर काड्या आणल्या. बँकेचा माणूस घरी येऊन अक्कांशी जरा जोरात बोलून गेला. त्या संध्याकाळी मी साडूंना म्हणालो, "नाव सांगून मोकळे व्हा ना. कोणाची भीड धरताय?" साडू म्हणाले, "मास्तर, आष्टीच्या शाळेत मला वऱ्हांड्यात बसवत. आत सगळी पोरं, बाहेर मी एकला. एक दिवस हा पाटी घेऊन उठला अन् माझ्याजवळ येऊन बसला. मास्तरनं वेताच्या छडीनं मारलं, घरी बापानं मारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर. तो आला नस्ता तर मी शाळा सोडून ढोरं वळायला गेल्तो असं समजा. त्याचं नाव मी कसं सांगू?"

हे सगळं अक्का ऐकत होत्या. त्या चुलीपासून उठल्या. पदर खोचून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "तवा तो बाहेर आल्ता, खरं हाय. मंग आता तुमी बाहेर बसले, तर तो आत कसा काय बसून राह्यला?"

साडू उत्तरासाठी घास शोधू लागले, पण हातात घास नव्हता.

पुढच्या आठवडीबाजाराला ते मला घेऊन आष्टीला गेले. आडत्याच्या दुकानात गर्दी होती. आम्हाला बघताच त्याचा चेहरा उतरला. "ये ये, चहा सांगतो," म्हणून तो लगबगीनं उठला. साडू उंबऱ्यापाशीच थांबले.

"चहा नको. एक गोष्ट सांगायला आल्तो. उद्या सकाळी मी कचेरीत तुझं नाव सांगनार हाय."

आडत्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अरे, पोरीची सोयरीक जमून राह्यली. आताच बोभाटा झाला तर मोडंल. थोडे दिवस थांब ना, मी करतो बराबर."

"ज्वारी घालताना मला इचारलं का?"

"इचारलं अस्तं तर तू घालू दिली नस्ती."

"बिलकुल न्हाई दिली अस्ती," साडू म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण तराजूपाशी बसलेली माणसं ऐकायला लागली होती. "तुला फसवायचंच होतं तर कोणी परका बघायचा, मला कशाला? पाठीमागून सांगितलं तर मी तुझ्यासारखाच होईन, म्हणून तोंडावर सांगून चाललो. शाळेत तू वऱ्हांड्यात आल्ता माझ्यासाठी. आता बी ये. न्हाई आला, तर मी सांगतोच."

परतीच्या एसटीत खिडकीतून बाहेर बघत साडूंनी दोनदा नाक पुसलं आणि दोन्ही वेळा धुळीला शिव्या घातल्या.

सकाळी आम्ही कचेरीत पोचलो तेव्हा आडत्या आमच्या आधीच आलेला होता. कचेरीच्या वऱ्हांड्यात, फरशीवर, भिंतीला टेकून, इस्त्रीच्या धोतराची पर्वा न करता तो बसला होता. त्याचा जबाब देऊन झाला होता. साडू त्याच्यासमोर उभे राहिले, मग त्याच्या शेजारी फरशीवर बसले. आतून साहेबानं हाक मारीपर्यंत दोघं तसेच बसून होते, आणि मी उगीचच नवा चष्मा पुसत होतो.

ज्वारी सरकारजमा झाली, आडत्याला दंड झाला, गाडी सुटली. पोरीची सोयरीक मोडली नाही; मुलाकडच्यांनी दोन दिवस तोंडं वाकडी केली, एवढंच. साडूंनी मात्र दोन गोष्टी केल्या. एक, जालन्याहून स्वतःची परखी विकत आणली आणि ती सदऱ्याच्या खिशात पेनासारखी लावू लागले. दोस्ताच्या पोराबाळांची चौकशी करता करता त्याच्या पोत्यात ती खुपसत. यामुळे निम्मे दोस्त रागावले आणि साडूंचा धंदा पहिल्यांदाच बरा चालू लागला. दुसरी गोष्ट म्हणजे, आडत्याचा माल पुन्हा म्हणून गाडीत घ्यायचा नाही, हे त्यांनी आडत्याच्याच दुकानात बसून, त्याचाच चहा पीत जाहीर केलं. "दोस्ती हाय. धंदा खतम." तो मान हलवून हो म्हणाला.

उन्हाळ्यात त्याच्या मुलीचं लग्न झालं. पाठवणीच्या आदल्या आठवड्यात तो वाटूरला आला, बौद्धवाड्यात, आमच्या अंगणात. अक्कांनी पाणी दिलं ते प्यायला आणि म्हणाला, "गाडी पाह्यजे."

"तुझा माल मी नेत न्हाई," साडू म्हणाले.

"माल न्हाई रे. पोरगी हाय."

साडूंनी दोन दिवस गाडी धुतली. नवरीला केबिनमध्ये आपल्या शेजारी बसवलं, वऱ्हाड आणि भांडीकुंडी मागे, मी आणि आडत्याही मागे. जालन्यापर्यंत त्यांनी गाडी अशी चालवली की हंड्यातलं पाणी हिंदकळलं नसतं. त्या पोरीचं रडणं केबिनमधून ऐकू येत होतं आणि साडूंचं तिला गाडीचे गियर समजावून सांगणंही.

परतताना वऱ्हाड तिथेच राहिलं. गाडीत आम्ही तिघेच, मी मध्ये, आडत्या दाराशी. उन्हं कलली होती, काळ्या रानात दूरवर कुणी नव्हतं, आणि बघता बघता वाटूर फाटा आला. फाट्यावर आडत्याला आष्टीची एसटी मिळायची होती. तो उतरला. दारावर हात ठेवून जरा वेळ उभा राहिला.

"गाडी लई हलकी चालून राह्यली रे," तो म्हणाला.

साडूंनी समोरच्या रस्त्याकडे बघत मान हलवली.

"रिकामी हाय ना," ते म्हणाले.