हवेचं तोंड वर की खाली

गॅरेजवाल्याकडे दोन गोष्टी न मागता साठतात, भंगार आणि किस्से. भंगारासाठी निदान महिन्यातून एकदा टेम्पोवाला येतो. किस्से कोण नेणार? ते आपणच चहाच्या वेळी उगाळत बसायचं. लोकांना आमचे किस्से हसण्यासारखे वाटतात. हसा बापडे! मीही हसतो. बायको म्हणते, तुझं हसणं हल्ली कारल्यासारखं झालंय. झालं असेल.

आमचा गाळा वालीवला होता, वसई पूर्वेच्या कारखान्यांच्या गर्दीत. आम्ही दोघं, मी आणि जनादा. मी नालासोपाऱ्यातल्या फ्लॅटमधला डिग्रीवाला इंजिनियर. लॅपटॉप माझा, गिऱ्हाइकांशी बडबड माझी. जनादा खाडीकाठच्या शेतकरी घरातला, पन्नाशी ओलांडलेला, शाळा सातवीपर्यंत. पण पत्रा हातात घेतला की तो त्याचं ऐकायचा. खरं काम सगळं त्याचं.

कामही सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इंजिन हवा ओढतं. बॉनेटखालची तापलेली हवा ओढली की त्याचा दम जातो, बाहेरची थंड ओढली की गाडी पळते. म्हणून हवेचा फिल्टर एका बंद डब्यात घालायचा आणि त्या डब्याला पुढून बाहेरच्या हवेसाठी पाइप काढायचा. स्पोर्ट्स कारवाले यासाठी आमच्याकडे यायचे. एवढीच गोष्ट! ती समजावण्यात माझी दहा वर्षं गेली.

*

विरारचे एक गृहस्थ आले. आयुष्यभर नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर हौसेने जुनी दोन दारांची गाडी घेतली. मी त्यांना अर्धा तास समजावलं. आकृती काढली, लॅपटॉपवर आलेख दाखवला. ते मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे गाडीत गारवा वाढेल ना? मिसेसना फार उकडतं हो."

मी कपाळावर हात मारला. जनादा पत्रा कापता कापता म्हणाला, "मिसेसना बॉनेटखाली बसवनार असाल तर वाढेल."

गृहस्थ दुसऱ्या गॅरेजला गेले. तिकडे त्यांनी एसीचा गॅस भरून घेतला आणि पाच जणांना सांगितलं की वालीववाल्यांना यातलं काही कळत नाही.

*

मग तो आयटीवाला. याने ऑनलाइन मागवलेला उघडा फिल्टर स्वतःच बसवला होता. नुसता शंकू, ना झाकण ना डबा. चमकायचा छान. मी सेन्सरला लॅपटॉप जोडून गाडी हायवेच्या ट्रॅफिकमध्ये फिरवली. बाहेर तेहतीस डिग्री, इंजिन ओढत होतं अडुसष्ट! त्याला आकडे दाखवले तर चेहरा पडला. म्हणाला, "कमी करून द्या."

जनादाने चार दिवस खपून डबा केला. आतून उष्णतेचं अस्तर, कडेला रबर, झाकणाला चार क्लिपा. पुन्हा मोजलं तर चाळीस. मी खूश, जनादा खूश. आठ दिवसांनी स्वारी परत हजर. "काय फालतू काम केलंय! पुन्हा पासष्ट दाखवतंय!"

बॉनेट उघडलं. डब्याला झाकणच नव्हतं!

"झाकण कुठाय?"

"डिकीत आहे. ते लावलं की आवाज येत नाही ना सर. मित्र विचारतात, गाडी विकलीस का."

बरं, डिकीत ठेवलंय ते ठेवलंय. पण नेटवर आम्हाला एक स्टार देऊन मोकळा! त्यातही लिहिलं होतं, 'बॉक्सने फरक पडत नाही.' अजून आहे तिथे, बघा हवं तर.

*

जनादाची एक पद्धत होती. डबा करण्याआधी तो टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून फर्मा करायचा, तो बॉनेटखाली बसवायचा, गाडीसमोर मोठा पंखा लावायचा आणि हातात उदबत्ती घेऊन उभा राहायचा. धूर कुठून आत जातो, कुठे अडतो, कुठे गोल फिरतो, हे डोळे बारीक करून बघायचा. मग पेन्सिलने खूण. पुन्हा कापायचं, पुन्हा धूर. कॉलेजात आम्ही हेच कॉम्प्युटरवर रंगीत चित्रं काढून शिकलो होतो. दोघांचं उत्तर एकच यायचं, फक्त जनादाचं आधी यायचं.

एकदा मीरा रोडचा एक व्यापारी त्याच वेळी आला. जनादा उदबत्ती घेऊन गाडीपुढे उभा! त्या माणसाने पटकन चपला काढल्या आणि हात जोडले. जनादाचं लक्ष धुराकडे. उदबत्ती संपेपर्यंत तो माणूस तसाच उभा होता.

गाडी तयार झाली, तापमान झकास उतरलं. नेताना तो गहिवरून म्हणाला, "मला माहीतच होतं. तुम्ही पूजा इतकी मनापासून केलीत!" त्याने गाडीच्या डॅशबोर्डला हार घातला, आम्हाला पेढे दिले. जनादाने सहा दिवस घासलेल्या डब्याकडे त्याने वाकूनसुद्धा बघितलं नाही.

"बरं झालं," जनादा पेढा खात म्हणाला, "बिघडलं तर देवाकडं जाईल."

कसला जातोय! बिघडलं की बरोबर आमच्याकडेच येतात.

*

आता माझं पाप सांगतो.

जनादाची एकच इच्छा होती. तीस वर्षं पत्र्याचं काम केलं, बस, खिडक्या, टाक्या, सगळं केलं, पण त्यावर नाव कायम दुसऱ्याचं. या डब्यांवर तरी आपलं नाव असावं, असं त्याला वाटायचं. बोलायचा नाही, पण एक दिवस त्याने डब्याच्या झाकणावर ठोकून अक्षरं उमटवली: जनार्दन, वालीव. सुंदर उमटवली होती. माझ्याकडे न बघता म्हणाला, "कसं वाटतंय?"

गिऱ्हाईक आलं, बघितलं आणि विचारलं, "हे वालीव म्हणजे... आपलं वालीव?"

"हो."

"काढा ते. रिसेलला मार बसेल."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. मी काय केलं असेल? गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून परदेशी वाटेल असं एक नाव रचलं आणि त्याचे स्टिकर छापून आणले. जनादाने नवीन झाकण केलं. त्यावर मी स्टिकर लावला आणि गिऱ्हाइकाला म्हटलं, "तो काढला, हा दुसरा बसवलाय. इम्पोर्टेड आहे." त्याने डब्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बघा! फिनिशिंगच वेगळं असतं त्यांचं!"

जनादा तिथेच उभा होता. तो हसला. मला त्या दिवशी तो हसायला नको होता. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

*

आमचा गाळा एका बिल्डरशेठचा होता. हे लक्षात ठेवा, मी तर एक मिनिटही विसरलो नव्हतो.

शेठने लाल रंगाची स्पोर्ट्स कार घेतली आणि आमच्याकडे आणली. जनादाने डब्याचा पाइप हेडलाइटच्या बाजूला वर काढला. शेठने मोबाइल पुढे केला. परदेशातला कुणीतरी व्हिडिओत सांगत होता, हवेचं तोंड खाली बंपरच्या मागे ठेवा, तिथली हवा सगळ्यात थंड.

"तिकडं ठीक आहे शेठ," जनादा म्हणाला. "तुमच्या कॉम्प्लेक्सच्या गेटसमोर भरती आनि पाऊस एकत्र आला की गुडघाभर पानी येतं. तोंड खाली असलं तर इंजिन पानी ओढेल. मग इंजिनातला रॉड वाकला म्हनून समजा."

शेठचा चेहरा गाडीपेक्षा लाल झाला. "माझ्या प्रोजेक्टला पाणी येत नाही! ब्रोशरमध्ये लिहिलंय!"

"खाडीनं वाचलं नाय ते."

मी जनादाचा पाय दाबला. पण तो काही खोटं बोलत नव्हता. शेठचं ते इंग्रजी नावाचं कॉम्प्लेक्स ज्या खाजणावर, म्हणजे खाडीलगतच्या खारट जमिनीवर, उभं होतं, तिथे जनादाच्या वडिलांची भातशेती होती. बांध फुटला की पाणी कुठून शिरतं आणि कुठे थांबतं, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं.

शेठची अडचण वेगळीच. दुसऱ्या फेजचं बुकिंग चालू होतं. बिल्डरने स्वतःच्याच गेटच्या पाण्याला घाबरून पाइप वर घेतला, हे बाहेर कळलं तर? थंड हवा गेली चुलीत, तोंड खालीच पाहिजे!

"जनादा, खाली लाव," मी म्हटलं. मीच म्हटलं, दुसऱ्या कुणी नाही.

त्याने लावलं. स्क्रू आवळताना हळूच म्हणाला, "हात माझा हाय. पन हे माझं काम नाय, सांगून ठेवतो."

*

शेवटचा किस्सा सांगण्याआधी एक सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. तो गाळा आम्हाला सोडावा लागला. आता आम्ही लांब आहोत, गिऱ्हाईक निम्मं आहे.

तर ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मोठी भरती आणि पाऊस एकत्र आला. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल गाडी टो होऊन आमच्या दारात! इंजिन जाम. त्याआधीच सगळ्या वसईच्या मोबाइलवर फोटो फिरला होता. मागे कॉम्प्लेक्सची झगमगीत कमान, पुढे पाण्यात अर्धी बुडालेली लाल गाडी.

गाडीमागोमाग शेठ आले, सोबत त्या सोसायटीच्या सेक्रेटरी मॅडम. मला वाटलं, मॅडम शेठशी भांडायला आल्या असतील. कसलं काय! दोघांनी मिळून कागद टाइप करून आणला होता. जनादाने सही करायची होती. लिहिलं होतं, 'गाडी माझ्या चुकीच्या फिटिंगमुळे बंद पडली. त्या वेळी गेटसमोर पाणी नव्हते. यापुढे मी असे काम करणार नाही.'

"आणि फोटो?" मी विचारलं.

"एआयने बनवलाय कुणीतरी," शेठ म्हणाले. "आजकाल काय वाटेल ते बनवतात."

मॅडम मला समजावायला लागल्या, "दादा, प्लीज समजून घ्या. आमच्याकडे पाणी येतं असं पसरलं तर आमच्या फ्लॅटची काय व्हॅल्यू राहणार? आयुष्याची कमाई घातलीय हो." त्यांच्या सलवारचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते. मी बघितलं, त्यांनीही मला बघताना बघितलं.

जनादाने कागद वाचला. सावकाश, बोट ठेवून. "यापुढे मी असे काम करणार नाही" तिथे बोट थांबलं.

"तीस वर्षांत माझ्या कामाला कोनी नाव नाय ठेवलं," तो म्हणाला. "नाव दिलं नाय कोनी, पन ठेवलं पन नाय."

शेठ माझ्याकडे बघत होते. गाळ्याच्या भिंतींकडेही बघत होते. मी म्हटलं, "कर ना सही जनादा. कागदच आहे. आपल्याला काम तर करायचंय ना इथे?"

जनादा माझ्याकडे वळला. नुसतं बघितलं. अजूनही त्या विषयावर काही बोललेला नाही. दहा वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच घाबरलो, आणि लाज वाटली ती त्याहून जास्त.

"करतो सही," तो शांतपणे म्हणाला. "पन आधी बघू तर दे, चुकलो कुठं."

त्याने बॉनेट उघडलं. शेठ आणि मॅडम दोन्ही बाजूंनी वाकले. जनादाने डब्याच्या चार क्लिपा एकेक करून काढल्या आणि झाकण उचललं. आत चार बोटं काळा चिखल होता, खाडीचा, वास मारणारा. आणि त्या चिखलातून टुणकन उडी मारून एक निवटी बाहेर आली. खाडीच्या चिखलात राहणारा बोटभर मासा, पाण्याबाहेरही तासन् तास तग धरतो. ती थेट लाल मडगार्डवर जाऊन बसली, डोळे वर काढून.

मॅडम किंचाळल्या. शेठ दोन पावलं मागे सरले. "हे... हे इथेच कुणीतरी टाकलंय!"

निवटी पुढच्या दोन परांवर सरपटत बॉनेटच्या कडेला आली.

जनादाने फडक्याला हात पुसले. शेठच्या खिशातलं पेन काढून घेतलं, कागद बॅटरीवर ठेवला आणि म्हणाला,

"करतो सही, शेठ. फक्त वर एक ओळ वाढवून आना. ही कुठल्या रस्त्यानं आली ते लिव्हा."