मुकादमाचा प्रश्न

दुकानात सगळे त्यांना नाकवाले काका म्हणायचे, अगदी तोंडावर. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट कोणी नुसतंच काका म्हणालं तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटे. सुगंधी तेलांच्या त्या दुकानात एकेचाळीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. आलेलं तेल हुंगायचं आणि ते खरं की भेसळीचं ते सांगायचं. कागदाची बोटभर पट्टी तेलात बुडवायची, दोनदा हवेत हलवायची, नाकाशी धरून डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "गुलाब आहे, पण त्यात कोणीतरी हात मारलाय." तेवढ्यावर मालक अख्खं पिंप परत पाठवायचे. प्रयोगशाळेचा अहवाल आठवड्याने येई आणि काका जे एका वाक्यात म्हणाले तेच दोन पानांत सांगे.

घरी मात्र या नाकाला कोणी विचारत नव्हतं. घरात राज्य होतं मुकादमाचं. मुकादम म्हणजे काकूंचा राखाडी पोपट. वय चौदा, शेपूट लाल, स्वभाव तिखट. दिवाणखान्यातल्या पिंजऱ्यात वरच्या दांडीवर बसून तो दिवसभर घरकामावर देखरेख करायचा, म्हणून हे नाव. त्याला धड तीनच वाक्यं येत. त्यातलं एक काकांसाठी राखून ठेवलेलं होतं. संध्याकाळी दार वाजलं की तो मान तिरकी करायचा आणि हुबेहूब काकूंच्या आवाजात विचारायचा, "हात धुतले?"

हा काकूंचा नियम होता. पिल्लू घरात आलं तेव्हाच पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की असली तेलं पक्ष्याला सोसत नाहीत. आपल्याला जो वास गोड लागतो तो त्याच्या छातीत जाऊन बसतो. म्हणून कामाचा शर्ट दाराबाहेरच्या खुंटीवर, हात कोपरापर्यंत साबणाने, आणि तेलाची बाटली उंबऱ्याच्या आत नाही म्हणजे नाही. वासाची मेणबत्ती नाही, फरशी पुसायचं वासाचं औषधही नाही. "मी जगाला वास विकतो आणि माझ्या घराला कसलाच वास नाही," अशी काका तक्रार करायचे, आणि पाहुण्यांपुढे तीच गोष्ट कौतुकाने सांगायचे. मुकादमाने विचारलं की "धुतले रे बाबा" म्हणायचे. निम्म्या वेळा ते खोटं असे. म्हणत म्हणतच ते मोरीकडे वळलेले असत.

आठ महिन्यांपूर्वी काकांना सर्दी झाली. साधी सर्दी, पण जाताना ती त्यांचं नाक घेऊन गेली. पट्टी नाकाशी धरली तर नुसता ओला कागद. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, की काहींचं परत येतं, काहींचं येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार ठरावीक वास हुंगत राहा. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. धीर धरा.

काकांनी हे कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ते घाबरले होते, सरळ सांगायचं तर. नाकवाल्या काकांचं नाक गेलं तर उरतं काय? नुसता एक काका, आणि तसे गल्लीत पन्नास असतात.

दुकानात त्यांनी एक युक्ती काढली. काउंटरवर बसणाऱ्या ताईला बोलवायचं, पट्टी तिच्या हातात द्यायची आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचं, "सांग बघू, काय येतंय?" ताई पस्तिशीची, दोन मुलांची आई, नाक तल्लख. ती म्हणायची, "आधी गोड येतं काका, मग मागून रॉकेलसारखं काहीतरी." काका मान डोलावायचे. "बरोबर. परत पाठवा." काका म्हातारपणी किती मन लावून शिकवायला लागलेत, असं दुकानभर झालं. आणि घरी आल्यावर, शर्ट खुंटीवर लावता लावता, ते सवयीने म्हणायचे, "वा, काय वास सुटलाय!" स्वयंपाकघरात काय शिजतंय हे कुकरच्या आवाजावरून ओळखायला ते शिकले होते.

मग काकूंच्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. काकू तीन आठवड्यांसाठी तिकडे गेल्या. जाताना फ्रिजवर कागद चिकटवून गेल्या. फळं किती, पाणी कधी बदलायचं, अंधार पडायला लागला की पिंजऱ्यावर पांघरूण घालायचं. रोज दुपारी त्यांचा फोन यायचा. आधी मुकादमाची चौकशी, मग नवऱ्याची.

घर रिकामं झालं तसा काकांच्या मनात विचार आला. दुकानात ते चोरून, मागच्या खोलीत उभ्याउभ्या चार बाटल्या हुंगायचे. त्याने काय होणार? नीट, वाफेबरोबर घेतलं तर? एका संध्याकाळी निलगिरीची बाटली खिशात घालून त्यांनी उंबरा ओलांडला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. आतल्या खोलीचं दार लावून घेतलं, पातेल्यात गरम पाणी ओतलं, तीन थेंब टाकले आणि डोक्यावरून घ्यायला हाताशी होतं ते घेतलं. ते होतं मुकादमाचं पांघरूण. जुन्या चादरीची दुहेरी घडी, जाड आणि मोठी, याच कामासाठी शिवल्यासारखी. वास आला नाही. दुसऱ्या दिवशी पाच थेंब टाकले, पुढे दहा. वाफ झाली की ते पांघरूण तासभर गॅलरीत वाळत घालायचे. वाळलं की नाकाशी धरून पाहायचे. वास नाही ना? नाही. मग पिंजऱ्यावर घालायचे आणि "झोप रे मुकादमा" म्हणून दिवा मालवायचे.

नवव्या संध्याकाळी ते दुकानातून आले, दार उघडलं आणि कोणी काही विचारलं नाही. थकला असेल, असं त्यांना वाटलं. दहाव्या दिवशी सकाळी पांघरूण काढलं तर मुकादम खालच्या दांडीवर पिसं फुगवून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. प्रत्येक श्वासाला त्याची शेपटी खालीवर होत होती, हापसा मारल्यासारखी. द्राक्ष पुढे केलं तर त्याने बघितलंही नाही.

काकांनी पिंजरा उचलला आणि रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई त्यांना चौदा वर्षं ओळखत होत्या. मुकादमाला प्राणवायूच्या काचेच्या पेटीत ठेवून त्यांनी नेहमीची प्रश्नावली पुढे ओढली. "घरात कसला वास? तेल, धूर, ताजा रंग?"

काकांनी डोळे मिटले. त्यांनी तो दिवाणखाना आठवला आणि एकेचाळीस वर्षांच्या सवयीने मनातल्या मनात नाकातून ओढून पाहिला. खिडकी, पडदा, पिंजरा, पांघरूण. सगळं स्वच्छ. "नाही," ते म्हणाले. "घरात कसलाच वास नाही."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना त्या क्षणी खरंच तसं वाटलं.

"तुम्हीच म्हणताय म्हटल्यावर प्रश्नच मिटला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्या रकान्यावर काट मारली. "मग जंतुसंसर्ग असणार." दोन तासांत मुकादम जरा सावरला, मान वर धरू लागला. बाईंनी औषध लिहून दिलं. "घरी न्या, उबेत ठेवा. नीट झाकून ठेवा म्हणजे गारवा लागणार नाही."

परतीच्या वाटेवर सिग्नलला कचऱ्याची गाडी पुढे आली. रिक्षावाल्याने गळ्यातला रुमाल नाकावर ओढला आणि मागे वळून म्हणाला, "काका, नाक दाबा. जीव जाईल असल्या वासाने." काका त्याच्याकडे बघत राहिले. मग गाडीकडे बघितलं. कचऱ्यातून काळं पाणी गळत होतं, फुटपाथवरची बाई पदर तोंडाला लावून पळत होती, आणि काकांना काहीही येत नव्हतं.

मग मघाशी आपण नाही म्हणालो, ते कशाच्या जोरावर?

दवाखान्यात शपथेवर सांगावं तशी साक्ष दिली होती, आणि साक्षीदाराला आठ महिने काही दिसतच नव्हतं. निलगिरी. बंद दारामागची का होईना, पण निलगिरी होतीच की घरात. ती दिवाणखान्यात पोचली का? किती? हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. हे सांगायला नाक लागतं, आणि ते दुसऱ्याचं मागून आणायचं तर खरं सांगणं हीच एक वाट होती.

घराखाली रिक्षा थांबली तरी ते वर गेले नाहीत. पिंजरा मोकळ्या हवेत, जिन्याच्या पायरीवर ठेवून ते शेजारी बसले आणि दुकानात फोन लावला. अर्ध्या तासात ताई आली.

"काय झालं काका?"

"वर जा आणि घर हुंगून सांग," काकांनी किल्ली पुढे केली. "निलगिरी आहे का बघ, कुठे आहे, किती आहे. मला वास येत नाही."

"सर्दी झालीये?"

"सर्दी कधीच गेली. आठ महिने झाले, काहीच येत नाही."

ताईने हिशेब लावला असावा. "म्हणजे ते पट्टीचं... तुम्ही मला शिकवत होता ते?"

"तुला विचारत होतो."

तिने एकदा मुकादमाकडे बघितलं आणि किल्ली घेऊन ती वर गेली. काका पायरीवर बसून मुकादमाच्या शेपटीचे हेलकावे मोजत राहिले. थोड्या वेळाने पहिल्या मजल्याच्या गॅलरीत ताई दिसली. हात लांब करून तिने एक चादर धरली होती आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती.

"काका, आतल्या खोलीत वास आहेच, बाहेर थोडा आहे. पण हे काय आहे? हे नाकाशी धरवत नाहीये. डोळे चुरचुरतात माझे."

काकांनी वर बघितलं आणि पांघरूण ओळखलं. नऊ संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने, प्रेमाने, चारी बाजूंनी नीट खोचून ते त्याच्यावर घातलं होतं. त्यांना रडू आलं. भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, नाकवाले काका पायरीवर बसून रडले.

मग त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. किती थेंब, किती दिवस, कोणती चादर, आणि नाकाचंही. "घरात नेलं नाहीत ना?" बाई म्हणाल्या. "तसेच परत या. औषध बदलावं लागेल."

ते तसेच परत गेले. पेटीचं झाकण लावताना बाईंनी त्यांना समजावलं. पक्ष्याच्या अंगात हवेच्या पिशव्याच पिशव्या असतात. श्वासातलं जे काही असतं ते खोल जाऊन राहतं. उडायला बरं पडतं, विष लागायलाही. "जगेल का?" काकांनी विचारलं. "मोकळ्या हवेत ठेवू आणि बघू," त्या म्हणाल्या. आणखी काही त्या बोलल्या नाहीत, म्हणून काकांना त्यांचा विश्वास वाटला.

संध्याकाळी त्यांनीच काकूंना फोन लावला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "मी येते," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. तोवर ताईने खिडक्या उघड्या टाकल्या होत्या, पडदे दोनदा धुतले होते, बाटली आणि पांघरूण बाहेर काढून टाकलं होतं. काकू रिकाम्या कोपऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"आणि रोज दारातून ओरडायचात ते? काय वास सुटलाय म्हणून?"

"अंदाजाने."

"अहो, त्या दिवशी दूध करपलं होतं. तेव्हाही म्हणालात. मला वाटलं चेष्टा करताय." त्या खुर्चीत बसल्या. "मला सांगितलं असतंत तर तुमच्यासाठी मी हुंगलं असतं. रोज. नाही का?"

ही गोष्ट काकांना खरंच सुचली नव्हती.

मालकांनाही त्यांनी सांगून टाकलं. मालकांनी वहीत मागचे आठ महिने चाळले. मग विचारलं, "आठ महिन्यांत गिऱ्हाइकाची एक तक्रार नाही. माल पास कोण करत होतं?" काकांनी काउंटरकडे बोट दाखवलं. तेव्हापासून पट्टी ताई धरते. काका शेजारी स्टुलावर बसतात. ती जे सांगते त्याला नाव द्यायचं काम त्यांचं. "मागून कडवट, ओल्या लाकडासारखं," ती म्हणते. "सालीसकट पिळलंय," काका सांगतात. नाक गेलं तरी आठवण शाबूत आहे.

मुकादम पाचव्या दिवशी घरी आला. वजन घटलेलं, पिसं विस्कटलेली. काकूंनी नवीन पांघरूण शिवलं, त्याला काकांनी हात लावायचा नाही. रोज संध्याकाळी काका दाराबाहेर शर्ट काढून उभे राहतात, काकू त्यांचे हात, मान, केस हुंगतात आणि मग आत घेतात. दुसऱ्यांचा माल पास करत आयुष्य गेलं आणि आता स्वतः रोज तपासणीला उभे. काकूंना कधी कधी गरजेपेक्षा जास्त वेळ लागतो. काका तसेच उभे राहतात.

पण मुकादम बोलत नव्हता. खात होता, दांडीवर चढत होता, देखरेख सुरू झाली होती, पण दार वाजलं तरी गप्प. आवाज गेला असेल तर परत येईलच असं नाही, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. गेलेलं परत येईल की नाही ही धाकधूक काकांना ओळखीची होती. रोज ते आत येऊन क्षणभर थांबायचे, कोणी विचारत नाही असं बघून मोरीकडे जायचे आणि न विचारता हात धुवायचे.

मुकादम घरी आल्याला तिसरा आठवडा संपत आला होता. काकू शेजारी गेल्या होत्या, त्यामुळे त्या दिवशी तपासणी झाली नव्हती. काकांनी शर्ट बाहेर लावला, आत आले आणि चपला सारत होते, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. घोगरा, अर्ध्यात तुटणारा, पण काकूंचाच.

"हात धुतले?"

काका जागच्या जागी थांबले. 'धुतले रे बाबा' हे शब्द चौदा वर्षांच्या सवयीने ओठांपर्यंत आले होते. ते त्यांनी गिळले.

"नाही," ते म्हणाले. "अजून नाही धुतले."

आणि मोरीकडे जाऊन त्यांनी कोपरापर्यंत दोनदा साबण लावला.